आठवा बिट

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. ते पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो आणि व्हायचा तेवढा उशीर करून घेतोच. मध्यंतरी सेल बदलताना मुलाने ते चांगल्या मनाने बरोबर लावलं, तर आठवडाभर घरातल्या प्रत्येकाची बस चुकली. शेवटी मीच स्टुलावर चढून ते पुन्हा दहा मिनिटं पुढे केलं. घड्याळ चुकीचं असलं तरी संसार होतो, फक्त कितीने चुकीचं आहे ते घरच्यांना माहीत हवं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आलेल्या घड्याळाच्या बाबतीत नेमकं तेच कुणाला माहीत नव्हतं.

मी पुण्यात एका लहानशा कंपनीत काम करते. आम्ही गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवतो. शेतकरी किटली घेऊन येतो, दुधाचं वजन होतं, फॅट लागते आणि यंत्र पावती फाडतं. पावतीवर सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर, तारीख, वेळ आणि दूध सकाळचं की संध्याकाळचं, एवढं असतं. दर दहा दिवसांनी या पावत्यांवरून बिल निघतं. यंत्राला इंटरनेट नाही. विजेचं म्हणाल तर ती गावाच्या सोयीने कधीच येत नाही. म्हणून यंत्रात एक घड्याळाची चिप असते. वीज गेली की बाकीचं यंत्र झोपी जातं आणि ही एकटी जागी राहते.

चिप म्हणजे तुरीच्या डाळीएवढा काळा तुकडा, आठ पायांचा. शेजारी जिऱ्याच्या दाण्याएवढी चंदेरी नळी. त्या नळीत क्वार्ट्झचा इवलासा चिमटा असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याचं अर्धं करा, मग अर्ध्याचं अर्धं करा, असं पंधरा वेळा केलं की बरोब्बर एक उरतो. चिपच्या पोटात हे अर्धं करण्याचं काम अखंड चालू असतं आणि पंधराव्या अर्ध्यानंतर एक सेकंद पडतो. हे सगळं चालतं रुपयाएवढ्या चपट्या सेलवर. चिप इतकं कमी खाते की कागदावरच्या हिशेबाने तो सेल शंभर वर्षं पुरावा. पुरत नाही. कुणी काही न मागताही सेल आपला आपण म्हातारा होत जातो.

या चिपशी बोलायला जो कोड लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. (हे मी घरी एकदा समजावून सांगितलं होतं. त्यानंतर आमच्या काकू वर्षभर लोकांना सांगत होत्या की आमची पोरगी शिकली चांगली, पण ड्रायव्हरांबरोबर काम करते.) तो लिहिला होता आमच्याकडच्या एका पोराने. पोरगा पन्हाळ्याकडचा, दोन वर्षांच्या अनुभवाचा, हुशार. कोडबरोबर निरोप होता, “मॅडम, बघून घ्या. टेस्ट केलंय. चालतंय.”

मीही कोल्हापूरकडचीच, त्यामुळे ‘चालतंय’ या शब्दाची मला चांगलीच ओळख आहे. ‘चालतंय की’ म्हणून आमच्याकडे सोयरिकी जुळतात, बांधावरची भांडणं मिटतात आणि फाटक्या टायरवर जोतिबाचे खेटे पुरे होतात. तेव्हा मी चहा घेतला, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

दुसऱ्याचा कोड वाचणं हे बरंचसं दुसऱ्याच्या घरी सत्यनारायणाला जाण्यासारखं असतं. चप्पल कुठे काढायची, बसायचं कुठे, हे आधी न्याहाळावं लागतं. या घरात महिने मोजायचे दोन रिवाज होते. चिप जानेवारीला १ म्हणते. सी भाषेच्या रचनेत जानेवारी हा शून्य असतो आणि वर्ष १९०० पासून मोजतात, म्हणजे यंदाचं साल नुसतं १२६. पोराने महिन्यातून एक वजा करायचं लक्षात ठेवलं होतं, पण चिपमध्ये परत लिहिताना अधिक करायचं राहिलं होतं. म्हणजे जितक्या वेळा केंद्राचा सचिव घड्याळ लावणार तितक्या वेळा यंत्र महिनाभर मागे जाणार. मी कमेंट टाकली. पाच मिनिटांत उत्तर आलं, “हां मॅडम, करतो.”

पुढची चूक जास्त गोड होती. चिप आकडे आपल्यासारखे लिहीत नाही. ५९ असतील तर अर्ध्या बाइटमध्ये ५ आणि उरलेल्या अर्ध्यात ९ असे वेगवेगळे मांडते. याला बीसीडी म्हणतात. वाचणाऱ्याने ते उलगडून घ्यायचे असतात. तसेच वाचले तर ५९ चे ८९ होतात. पोराने सेकंद उलगडले, मिनिटं उलगडली, तास, महिना, वर्ष सगळं उलगडलं आणि तारीख तेवढी विसरला. मग चालतंय कसं म्हणाला? तर चाचणी झाली होती ५ तारखेला. ० ते ९ हे आकडे दोन्ही पद्धतींत सारखेच दिसतात. महिन्याचे पहिले नऊ दिवस यंत्र शहाण्यासारखं वागलं असतं. १० तारखेला, म्हणजे नेमकं बिल काढायच्या दिवशी, ते १६ तारीख म्हणालं असतं. आणि ३१ तारखेला म्हणालं असतं ४९.

४९ तारखेला पगार होत असता तर माझ्या माहितीतले कितीतरी लोक तोवर तगले नसते.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. त्याने आधी तारीख वाचली होती, मग वेगळा निरोप पाठवून तास, मग मिनिटं, मग सेकंद. आता ३१ डिसेंबरच्या रात्री अगदी बाराच्या ठोक्याला हे वाचन झालं असं समजा. तारीख विचारली तेव्हा ३१ होती. तास विचारेपर्यंत नवं साल लागलं. हाती आलं ते ३१ डिसेंबर, रात्री शून्य वाजून शून्य मिनिटं, म्हणजे आख्खा दिवस मागे. लग्नघरी मुलीच्या मामाला एक विचारावं, आत्याला दुसरं विचारावं आणि दोघांची उत्तरं जोडून पत्रिका छापावी, तसा हा प्रकार. चिप बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे. सगळे आकडे एका दमात मागितले तर ती तेवढा वेळ काटे धरून ठेवते आणि एकाच क्षणाचे आकडे हातात देते. फक्त मागणाऱ्याने एका दमात मागायला हवेत. “पण हे वर्षातून कितीदा होणार मॅडम?” असं त्याने विचारलं. वर्षातून कितीदा ते मला सांगता येणार नाही, पण कुणाच्या तरी केंद्रावर नक्की होणार, आणि त्या दिवशी फोन तुलाच येणार, असं मी लिहिलं. हे पटलं.

वाराचं लांबण लावत नाही. चिप वार मोजते, पण तारखेवरून काढत नाही. तुम्ही गुरुवारी तिला रविवार सांगितलात तर ती जन्मभर तोच धागा धरून पुढे जाईल. यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) की भारतीय वेळ, यावर आमचं थोडं झालं. “मॅडम, केंद्रावर कोण यूटीसी बघतंय?” या प्रश्नाला माझ्याकडे सवयीपलीकडे उत्तर नव्हतं. आणि त्याने सगळी वेळ ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात सेकंदांनी साठवली होती, ती बदलायला लावली. तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो. आपल्याकडे तेव्हा मंगळवार असेल आणि सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. रांगेतल्या शेवटच्या किटल्या रिकाम्या होण्याची वेळ. पुढच्याच सेकंदाला यंत्र १४ डिसेंबर १९०१ च्या पहाटे सव्वादोनला जाऊन पोचेल आणि राहिलेलं दूध शाहू महाराजांच्या कारकिर्दीत जमा करेल. दर काय लागणार कोण जाणे.

इथवर सगळं नेहमीचं होतं. अशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत, काही तर त्याच क्रमाने. मग मी सेकंदांच्या रजिस्टरशी आले आणि थांबले.

चिपमधल्या प्रत्येक खणाला रजिस्टर म्हणतात. सेकंदांच्या रजिस्टरमध्ये आठ बिट असतात. ५९ पर्यंतचे आकडे बीसीडीत मांडायला सात पुरतात. आठवा उरतो. आमच्या चिपच्या माहितीपुस्तिकेत या आठव्या बिटाला स्वतंत्र काम दिलेलं आहे. सेल इतका उतरला की घड्याळ नीट चाललं की नाही याची खात्री उरत नाही, तेव्हा हा बिट १ होतो. आणि होऊन तसाच राहतो. पुन्हा वीज आली, काटे पुन्हा फिरू लागले, तरी तो खाली बसत नाही. कुणीतरी येऊन वेळ नव्याने लावेपर्यंत चिप हात वर करून उभी असते. म्हणत असते, मी आकडे देतेय खरे, पण त्यांची खात्री माझ्याकडे मागू नका.

लिनक्समध्ये याच चिपचा ड्रायव्हर आहे. तो हा बिट वर दिसला की वेळ देतच नाही. विचारणाऱ्याला त्रुटी परत करतो आणि नोंद करून ठेवतो की वेळ विश्वासार्ह नाही. आमच्या पोराने काय केलं होतं? त्याला सेकंदांत मध्येच ऐंशीने वाढलेले आकडे दिसले. त्याने बघितलं, वरचा बिट घाण करतोय. म्हणून तो पुसून टाकला. एका ओळीत. सात बिट ठेवले, आठवा फेकला. आकडे लगेच सुतासारखे सरळ झाले. एवढंच नव्हे, यंत्र चालू होताना सेल उतरलेला आढळला तर तारीख आपोआप १ जानेवारी २००० करायची, अशी सोयही त्याने करून ठेवली होती. वर टीप लिहिली होती, म्हणजे स्क्रीनवर काहीतरी बरं दिसेल.

मी कमेंटच्या चौकटीत बोट ठेवून बराच वेळ बसले. कारण मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते, नंतर मुख्याध्यापक झाले. त्यांचा जन्म १ जूनचा. त्यांच्या भावाचाही १ जूनचा. शेजारच्या तात्यांचा १ जून, त्यांच्या साडूचाही १ जूनच. महाराष्ट्रातल्या खेड्यांत एका विशिष्ट वयाच्या वरच्या माणसांत १ जूनला जन्मलेले इतके निघतात की परक्या माणसाला वाटावं, इथल्या बायका ऋतू ठरवून बाळंत होतात. झालेलं एवढंच की घरी जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. बाप पोराला धरून शाळेत आणायचा, शाळा जूनमध्ये भरायची, सहा वर्षं पुरी दाखवायची असायची. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळेतल्या त्या जाड वहीचं नावही रजिस्टरच, जनरल रजिस्टर.

आजीच्या हिशेबाने अण्णांचा जन्म पावसाळ्यातला, भाताची लावणी चालू असताना. गांधीजी गेल्याची बातमी गावात आली तेव्हा ते रांगायला लागले होते. म्हणजे १९४७ चा जुलै धरावा. पण पोरगा घरी फार दंगा करतो म्हणून आजोबांनी त्याला पाच वर्षांचा व्हायच्या आतच शाळेत नेलं आणि गुरुजींनी १ जून १९४६ लिहून टाकला. तेव्हा त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. ५८ व्या वर्षी, ३१ मे २००४ ला अण्णा निवृत्त झाले तेव्हा बिघडलं. वर्षभराचा पगार गेला. निरोप समारंभात त्यांनी त्या गुरुजींचा मोठ्या आदराने उल्लेख केला आणि घरी आल्यावर वेगळ्या शब्दांत केला.

यातली गंमत अशी की अण्णांनी स्वतः ३५ वर्षं नोकरी केली आणि दर जूनमध्ये हेच केलं. आई त्यांना चिडवायची, की मी दोनच पोरं जन्माला घातली, तुम्ही तर एका दिवसात निम्मं गाव घातलंत.

आजीच्या लग्नाचीही अशीच एक कथा आहे. तेव्हा मुहूर्त धरायला घटिकापात्र असे. घंगाळात पाणी, पाण्यावर तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी. वाटी भरून बुडायला २४ मिनिटं लागतात, ती एक घटका. अशा ६० घटकांचा दिवस. वाटी बुडाली की ओरडून सांगायचं आणि लगेच दुसऱ्यांदा सोडायची, एवढ्याच कामाला एक मुलगा बसवलेला होता. मांडवातल्या गारव्याने त्याचा डोळा लागला. भटजी आले तो वाटी तळाशी. “कधी बुडाली रे?” भटजींनी दरडावून विचारलं. पोराने डोळे चोळले आणि सांगितलं, “आत्ताच.”

त्या ‘आत्ताच’वर आजीचं लग्न लागलं. संसार चांगला साठ वर्षं झाला, त्यामुळे मुहूर्ताविषयी मला काही म्हणायचं नाही. पण वाटी खोटं बोलली नव्हती. ती तळाशी होती, म्हणजे किमान एक घटका झाली आणि पुढचं मला ठाऊक नाही, एवढं ती स्वच्छ सांगत होती. ‘आत्ताच’ हे त्या पोराचं.

मी आमच्या पोराला बोलावून घेतलं. हे कमेंटमध्ये मावणारं नव्हतं.

“अरे, हा बिट का पुसलास?”

“आकडे चुकत होते मॅडम.”

“आकडे चुकलेलेच होते. तू ते चुकलेले दिसणं बंद केलंस.”

तो गप्प बसला. मग म्हणाला, “पण मॅडम, सकाळी सहाला लोक रांगेत उभे असतात. यंत्राने वेळच नाही म्हटलं तर सचिव काय करणार? त्यापेक्षा २००० साल तर २००० साल. दूध तर घेता येतंय. माझी आजी पण घालते दूध. थांबली तर नासतं ते.”

हे त्याचं बोलणं खरं होतं, आणि मला एकदम उत्तर सुचलं नाही. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून सत्याचा आग्रह धरायला काही लागत नाही. केंद्राच्या पत्र्याखाली मे महिन्यात ४५ अंशांत ती क्वार्ट्झची नळीसुद्धा दिवसाला सव्वा सेकंद मागे पडते. (थंडीतही मागेच पडते. गरम झालं तरी उशीर, गार झालं तरी उशीर; बऱ्या वाटतात तिला फक्त २५ अंश. आमच्या ऑफिसातलेही काही जण असेच आहेत.) त्या पत्र्याखाली माणसाला रांग संपवायची असते.

पण २००० सालच्या पावत्यांवर बिल निघणार नाही, हेही तितकंच खरं. सचिव पावत्या जुळवत बसणार. मागच्या खेपेला वीज गेली तेव्हाच्याही २००० च्याच, या खेपेच्याही २००० च्याच. दोन्ही ढीग एकमेकांत मिसळणार आणि त्याच्या आजीचं मंगळवारचं दूध कुणा भलत्याच दिवसाला लागणार. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं ते असं: बिट वर असेल तर ड्रायव्हरने वेळ द्यायची नाही, त्रुटी द्यायची. वरच्या थराने ती झाकायची नाही. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘वेळ लावा’ यायला हवं आणि वेळ लावेपर्यंत पहिली किटली घ्यायची नाही. वेळ लावायला पाचच बटणं दाबावी लागतील एवढं ते सोपं करायचं. सचिवाच्या मनगटावर घड्याळ असतं, खिशात मोबाइल असतो. रांगेतली निम्मी माणसं तारीख सांगू शकतात.

“आणि चुकीची लावली तर?” त्याने विचारलं.

“तर ती त्याने लावलेली असेल. यंत्राने बनवलेली नसेल.”

हे मी जरा जोरातच म्हणाले असावे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने कानातले इअरफोन काढून आमच्याकडे बघितलं.

त्या रात्री अण्णांना फोन केला. आठव्या बिटाची हकिकत सांगितली. त्यांना यंत्रातलं फारसं कळत नाही, पण रजिस्टर या शब्दावर ते सावरून बसले, हे फोनवरही कळलं. मी त्यांना विचारलं, “अण्णा, तुम्ही ती १ जून लिहायचात तेव्हा काही वाटायचं नाही का?”

“वाटून काय करणार? रकाना मोकळा ठेवला तर साहेब दाखला अडवायचे. पोरगं घरी बसलं असतं.” मग थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. “शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा गं. उजव्या हाताला. ‘तारीख अंदाजे’ असं तिथे लिहिता आलं असतं.”

“मग?”

“कुणीच लिहायचं नाही. मोकळाच असायचा तो.”

सोमवारी पोराने कोड सुधारून पाठवला. आठवा बिट आधी तपासला जात होता, बाकीचे नंतर. महिना, तारीख, एका दमातलं वाचन, सगळं जागच्या जागी होतं. २१०० साल लीप नाही, पण ही चिप वर्षाचे शेवटचे दोनच आकडे बघत असल्यामुळे ते लीप धरेल, हे मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. ते त्याने आपणहून शोधून त्यावर टीप लिहिली होती. निरोपात या वेळी ‘चालतंय’ नव्हतं. ‘सेल काढून, दोन दिवस ठेवून, १० तारखेनंतर परत टेस्ट केलं’ असं होतं. मी मंजुरी दिली.

येत्या १ जूनला अण्णांना कागदोपत्री ८० पूर्ण होतात. आजीच्या हिशेबाने अजून ७९ सुद्धा पुरे व्हायचे आहेत. केक १ जूनलाच सांगितला आहे.